एएलएस: चेतापेशीतील प्रथिनाच्या गुठळ्या आणि आजार

एएलएस हा मोटर न्यूरॉन डिसीजचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. यात स्नायूंना आदेश देणाऱ्या मेंदू व मज्जारज्जूतील चेतापेशी हळूहळू नष्ट होतात. हातापायांतली ताकद कमी होते. बोलणे, गिळणे आणि पुढे श्वास घेणेही कठीण होते.

पेशीत काय बिघडते?

जनुकांतील माहितीची प्रत म्हणजे आरएनए. ही प्रत कापून-जोडून योग्य जागी पोचवण्याचे काम आरएनएला चिकटणारी प्रथिने करतात. टीडीपी-४३ हे त्यांपैकी एक. ते मुख्यतः पेशीच्या केंद्रकात असते.

अशी प्रथिने आणि आरएनए एकत्र येऊन पाण्यातल्या तेलासारखे सूक्ष्म थेंब बनतात. पेशीवर ताण आला की काही थेंब तयार होतात, ताण ओसरला की विरघळतात. निरोगी पेशीतही हे घडते. मात्र असे थेंब घट्ट होत जाऊ शकतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे.

एएलएसच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या चेतापेशींत टीडीपी-४३ केंद्रकाबाहेर गुठळ्यांच्या रूपात साचलेले आढळते. हा शोध २००६ साली लागला. यामुळे केंद्रकातले काम अडते आणि बाहेरच्या गुठळ्याही पेशीला घातक ठरू शकतात.

हा आजार घरात इतरांना होईल का?

एएलएस संसर्गजन्य नाही. सुमारे १० टक्के रुग्णांच्याच कुटुंबात हा आजार आधी आढळलेला असतो. जनुक तपासणीबद्दल न्यूरॉलॉजिस्टशी बोला, कारण तिचा उपचारावर परिणाम होऊ शकतो. एसओडी१ जनुकात दोष असेल तर टोफर्सेन हे औषध आहे. अमेरिकेत त्याला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. या प्रकारात सहसा टीडीपी-४३च्या गुठळ्या नसतात.

आज काय करता येते?

टीडीपी-४३च्या गुठळ्या विरघळवणारे सिद्ध औषध अजून नाही. तसा दावा करणाऱ्या महागड्या उपचारांवर पैसे घालवू नका. रिलुझोल आजाराचा वेग थोडा कमी करते. श्वसनाला बायपॅपचा आधार, पुरेसे पोषण आणि फिजिओथेरपी यांचा खरा उपयोग होतो.

सकाळी डोकेदुखी, आडवे झाल्यावर धाप, जेवताना ठसका किंवा वजन घटणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.