मनुष्य, डुक्कर आणि इन्फ्ल्युएन्झा

येडशी हें बालाघाटाच्या डोंगरांतलें गांव. १९१८ सालीं तें निझामाच्या राज्यांत होतें. तथापि १९११ सालीं लातुरापर्यंत पोंचलेली बार्शी लाइट रेल्वे तेथूनच जात असे. अशा आगगाड्यांनीं त्या वर्षीं नुसता कापूसच वाहिला नाहीं. जूनमध्यें मुंबई बंदरांत दिसलेला इन्फ्ल्युएन्झा उतारूंबरोबर मुलुखभर पसरला. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. हिंदुस्थानांतील मृतांची संख्या एक कोटीहून बरीच अधिक धरतात.

त्याच शरद ऋतूंत अमेरिकेच्या आयोवा प्रांतांत डुकरें खोकूं लागलीं. हा माणसांचाच रोग, असें जे. एस. कोएन या पशुवैद्यानें ठासून सांगितलें. डुकरांच्या व्यापाऱ्यांना अर्थातच तें रुचलें नाहीं! पुढें १९३१ सालीं रिचर्ड शोप यांनीं डुकरांतील विषाणु दाखविला. माणसांतला विषाणु लंडनला १९३३ सालीं सांपडला. नंतर शोप यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. प्रौढ माणसांच्या रक्तांत डुकरांच्या विषाणूस निष्प्रभ करणारीं प्रतिपिंडें होतीं. लहान मुलांच्या रक्तांत नव्हतीं. १९१८ ची आठवण रक्तानें जपली होती.

पण ही आठवण पुरती भरंवशाची नव्हे. प्रतिपिंडें विषाणूचा बाहेरचा पोषाख पाहतात, आणि तो तर वारंवार बदलतो. म्हणून लसहि बदलावी लागते. टी-पेशींची रीत निराळी. विषाणूनें ग्रासलेली पेशी त्याच्या आंतल्या प्रथिनांचेहि तुकडे करून आपल्या पृष्ठभागावर मांडते. जणूं घरांत शिरलेल्या चोराच्या झोळींतल्या वस्तू घरधन्यानें खिडकींत टांगाव्या. टी-पेशी त्यांवरून चोर ओळखते. अंगरखा बदलला तरी झोळींतला ऐवज बहुधा तोच असतो.

२००९ सालीं डुकरांतून आलेल्या नव्या विषाणूनें पुण्यांत हाहाकार उडविला. देशांतील पहिला बळी ऑगस्टमध्यें तेथेंच पडला. पुढल्याच वर्षीं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें नाकांत फवारण्याची लस आणली. रोग शिरतो त्याच दारीं पहारा बसवावा, ही कल्पना डुकरांत अधिक खोलवर तपासतां आली. त्यांचें फुप्फुस माणसाच्या फुप्फुसासारखें, आणि हा रोगहि त्यांना निसर्गतःच होतो. इंग्लंडांतील बाब्राहम कुळीचीं डुकरें पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच पैदास झाल्यामुळें जवळजवळ जुळ्या भावंडांसारखीं असतात. सर्वांच्या पेशी तुकडे एकाच तऱ्हेनें मांडतात. त्यामुळें टी-पेशी नेमका कोणता तुकडा ओळखतात, हें पिरब्राइट व कार्डिफ येथील संशोधकांना २०१८ सालीं शोधतां आलें. न्यूक्लिओप्रोटीन नांवाच्या आंतल्या प्रथिनांत असे तुकडे मिळाले. लस तुषाररूपानें श्वासावाटे दिली असतां या पेशी फुप्फुसांतच तळ ठोकतात, असेंहि दिसलें.

त्याच वर्षींच्या दुसऱ्या एका प्रयोगानें मात्र उत्साहास आवर घातला. एका जातीच्या विषाणूपासून केलेली तुषारलस निराळ्या जातीच्या विषाणूविरुद्ध पारखण्यांत आली. फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यांत विषाणूची वाढ घटली. डुकरांत फुप्फुसांची हानि कमी झाली खरी, पण विषाणूची वाढ कांहीं घटली नाहीं. म्हणजे असें जनावर स्वतः सावरेल, परंतु शेजारच्यास रोग देण्याचा संभव उरतोच. केवळ फेरेटावरून लशीचा निकाल लावणाऱ्यांनीं यापुढें जपून बोललेलें बरें.