गरज-सिद्धता (विद्यार्थ्यांच्या डिझाइन प्रकल्पातील)

गरज-सिद्धता : विद्यार्थ्यांच्या डिझाइन प्रकल्पात उपाय योजण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे हे पुराव्यानिशी दाखवण्याची पायरी. अडचण कोणाची, ती कुठे व केव्हा येते, तिच्यापायी वेळ, पैसा, श्रम किंवा आरोग्य यांचे किती नुकसान होते, लोक आज ती कशी निभावून नेतात आणि ते निभावणे कुठे अपुरे पडते, एवढ्यांची उत्तरे हाती आली की गरज सिद्ध झाली असे म्हणता येते. अहवालात हे प्रकरण सुरुवातीला असते, पण पुष्कळदा लिहिले जाते ते नमुना तयार झाल्यावर. मागाहून लिहिलेले समर्थन लगेच ओळखू येते. त्यात ‘शेतकऱ्यांना’, ‘समाजाला’ असे सरसकट शब्द असतात आणि एकही गाव, एकही तारीख, एकही मोजमाप नसते.

वडोदरा शहराच्या पूर्वेकडील वाघोडिया तालुक्यात गरज-सिद्धतेच्या अभ्यासाला लागणारे सगळे जवळजवळ आहे : जीआयडीसीची औद्योगिक वसाहत, लिमडा येथील टायरचा कारखाना, पिपरियाचे सुमनदीप विद्यापीठ, लिमड्याचेच पारुल विद्यापीठ, आणि या सर्वांना लागून कपाशी, तूर, एरंडीची शिवारे. पारुल २०१५ मध्ये खाजगी विद्यापीठ झाले. त्याआधी तेथील अभियांत्रिकी शिक्षण २००७ मध्ये स्थापन झालेल्या गुजरात तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न होते. त्या विद्यापीठाने ‘डिझाइन इंजिनिअरिंग’ हा विषय आणला आणि निरीक्षणाचे तक्ते विद्यार्थ्यांच्या हाती दिले. ‘एईआयओयू’ तक्त्यात कृती, परिसर, परस्परव्यवहार, वस्तू आणि वापरणारे यांची नोंद करायची. ‘एम्पथी’ तक्त्यात वापरणाऱ्या माणसाची बाजू मांडायची. अंतिम वर्षाचे प्रकल्प उद्योगाने दिलेल्या समस्येवर किंवा वापरणाऱ्याच्या अडचणीवर आधारलेले असत, आणि आधीची पेटंटे तपासणेही त्यात आले. आखणी चांगली आहे. मात्र तक्ता वसतिगृहात बसूनही भरता येतो, आणि तसा भरलेला तक्ता नुसता कागद राहतो.

कपाशीची वेचणी घ्या. ‘मजूर मिळत नाहीत, म्हणून वेचणी-यंत्र’ हे विद्यार्थ्यांना चटकन सुचते. शेताच्या बांधावर उभे राहिले की चित्र बदलते. दव सुकल्यावर वेचणी सुरू होते, कारण ओला कापूस भाव घसरवतो. बाई कमरेला फडक्याची ओटी बांधते, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढते, आणि बोंडाची वाळलेली टोके बोटांना टोचत राहतात. ओटी भरली की बांधापर्यंत जाऊन ढीग करायचा. मजुरी बहुधा किलोवर. मुख्य म्हणजे सगळी बोंडे एकदम फुटत नाहीत. तीन-चार वेळा फिरून वेचावे लागते. झाडावर हिरवी बोंडे असताना एका फेरीत सगळे ओढून घेणारे यंत्र इथे पीकच बुडवील. म्हणजे गरज यंत्राची नसून बोटे वाचवण्याची, ओझे आणि खेपा कमी करण्याची, कचरा न मिसळता कापूस स्वच्छ राखण्याची ठरते. हा फरक शेतात एक दिवस काढल्यानेच कळतो, आणि तो कळला की उपायाचा आकारच बदलतो.

चौकशी कशी करावी यालाही महत्त्व आहे. ‘बेन, तुम्हाला काय हवे?’ असे विचारले की विचारणाऱ्याला बरे वाटेल ते उत्तर मिळते. ‘काल किती वाजता वेचायला लागलात, किती ओट्या भरल्या, मध्ये किती वेळा थांबलात, का?’ असे विचारले की हकीकत मिळते. वाघोडियात शिकणारी मुले अनेक राज्यांची असतात, त्यांत मराठीही आहेत. ज्यांना गुजराती येत नाही त्यांनी गटात गुजराती बोलणारा सोबती घ्यावा. दुभाष्याशिवाय भरलेल्या प्रश्नावलीवर विसंबू नये, एवढे मात्र ठामपणे सांगायला हवे.

गरज आकड्यांत मांडणे म्हणजे काय, याचे उदाहरण याच तालुक्यात आहे. वडोदरा शहराला पाणी देणारा आजवा तलाव, म्हणजे सयाजी सरोवर, तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या काळात बांधला गेला आणि १८९२ मध्ये त्याचे पाणी शहराला मिळू लागले. १८९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. योजना आखली ती ३ लाखांसाठी. पाणी उताराने शहराकडे येते. माणसे किती, उद्या किती होतील आणि पाणी कुठल्या उंचीवरून आणायचे, हे आधी ठरल्यावर बंधारा आला.  जागेवर जाऊन गरज समजून घेण्याची रीत महाराष्ट्रातही आहे : आयआयटी मुंबईचे १९८५ मधले ‘सितारा’ हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र विद्यार्थ्यांना गावात राहून काम करायला लावते.

सिद्धतेची कसोटी एकच : शोधाअंती गरज नाही असे निघू शकेल, अशा रीतीने ती तपासावी. आधीचे उपाय बाजारात का टिकले नाहीत, किंमत आड आली की दुरुस्ती, हेही पाहावे. गरज नाही असे निघाल्यास तो निष्कर्ष पुराव्यासह लिहिणाऱ्या गटाला पूर्ण गुण द्यावेत. बिनगरजेचा नमुना टाळून त्यांनी साहित्य आणि एक सत्र वाचवलेले असते.

वाघोडिया परिसरात कपाशीची वेचणी दिवाळीच्या आगेमागे जोर धरते. कपाशीवर प्रकल्प घेणाऱ्या गटांनी शिवारभेट त्याच आठवड्यांत ठेवावी. हंगाम गेला की पुढच्या दिवाळीपर्यंत पाहायला काही उरत नाही.