बाटल्या धुणारा आणि माशीचे बीज

पिकल्या केळ्यांवर जमणारी चिलटे आपण हाताने हाकलून मोकळे होतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी तीच दुधाच्या बाटल्यांत पाळली, आणि त्या बाटल्या धुण्यास कॅल्विन ब्रिजेस या विद्यार्थ्यास ठेवले. आईबाप लहानपणीच गेलेले. आजीने वाढविलेला मुलगा. आम्ही स्वतः शाळा अर्ध्यावर सोडलेले, तेव्हा या माणसाविषयी आमचा थोडा पक्षपात आहे, हे आधीच कबूल करतो.

१९१६ साली 'जेनेटिक्स' हे नियतकालिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकातील पहिलाच लेख ब्रिजेस यांचा. माशीच्या मादीत दोन एक्स गुणसूत्रे, नरात एक एक्स व एक वाय. क्वचित वाटणी चुकते आणि वाय नसलेला नर जन्मतो. दिसण्यात नर, वागण्यातही नर. पण प्रजा होत नाही. माणसात वायमुळे मुलगा होतो. माशीत वायचे काम निराळेच आहे. १९२९ साली कुर्ट स्टर्न यांनी वायच्या दोन्ही भुजांवर प्रजननास लागणारे घटक असल्याचे दाखविले. पुढे हिटलरच्या राजवटीमुळे या ज्यू शास्त्रज्ञास जर्मनी कायमची सोडावी लागली.

आता काम कसे चालते ते पाहा. नराच्या वृषणात एका पेशीच्या चार वेळा विभागणीने सोळा होतात, मग आणखी दोन विभागण्यांनी चौसष्ट. या चौसष्ट जणी सुट्या होत नाहीत. बारीक पुलांनी एकमेकींस जोडलेल्याच राहतात, आणि भोवती दोन पेशींचे वेष्टण असते. गोल पेशी एकदमच लांबू लागतात. माशी जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि शुक्रपेशी जवळजवळ दोन मिलिमीटरची! सुटे होण्याचे काम सर्वांत शेवटी. १९७२ साली टोकुयासू, पीकॉक व हार्डी यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले: डोक्याकडून शेपटीकडे चौसष्टांवरून बरोबरीने एक फेरा सरकत जातो, प्रत्येकीस स्वतःचे आवरण मिळते, आणि उरलेला गाळ शेपटीच्या टोकाशी पिशवीत गोळा होतो.

वाय नसलेल्या नरातही जुडगे बनते, शेपट्या लांबतात. बिघडते ते या अखेरच्या टप्प्यावर. पोहणारी शुक्रपेशी एकही निघत नाही. वायवरील एक घटक शेपटी हलविणारे प्रथिन बनवितो, हे १९९३ साली कळले. ब्रिजेस १९३८ साली, पन्नाशीच्या आतच, वारले होते.