रविवारच्या सुटीचा पूर्वेतिहास

इ. स. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला, आणि पुढील तीन दशकांत कोकणातून व देशावरून आलेले सहस्रावधी कुणबी यंत्रांच्या स्वाधीन झाले. परंतु शेतीच्या श्रमाला ऋतूंची जी मर्यादा असते, ती वाफेच्या इंजिनाला नव्हती. सूत तुटू नये म्हणून दमट राखलेल्या विणखात्यात, कापसाची धूळ श्वासाबरोबर छातीत घेत, मजूर पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत साच्यापाशी उभा असे. त्याचा न थांबणारा खोकला ही थकल्या देहाची फिर्यादच होती, पण तिची दाद घेणारी कचेरी नव्हती.

१८८१ च्या कारखाना कायद्याने मुलांचे तास ठरविले, प्रौढांचे नाहीत. १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारदरबारी अर्ज गुजरला, त्यात आठवड्याची एक रजा, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद आणि जायबंदी झालेल्यांच्या निर्वाहाची तरतूद मागितली होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मंजूर केली.

पुढे विजेच्या दिव्यांनी सूर्यास्ताची उरलीसुरली मर्यादाही पुसली, आणि पुरुषांसाठी बारा तासांचा निर्बंध यायला १९११ चा कायदा लागला. मनुष्याच्या सहनशक्तीला अंत आहे, हे मान्य करवून घेण्यासाठी ज्यांनी इतका दीर्घ झगडा केला, त्यांचे ऋण रविवारी विसावणाऱ्या प्रत्येकावर आहे.