कमी कार्बनच्या मिश्रपोलादाची जडणघडण : बळकटी व चिवटपणा यांच्या समन्वयाचा इतिहास (१९४३ ते १९७५)

प्रस्तावना

पोलादाचा इतिहास बहुधा भट्ट्यांचा आणि उत्पादनाच्या आकड्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विसाव्या शतकाच्या मध्यावर या इतिहासाला एक वेगळे वळण मिळाले. पोलादात काय मिसळले, याइतकेच ते कोणत्या तापमानाला लाटले, हेही निर्णायक ठरले. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

कार्बनची मर्यादा

पोलाद बळकट करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कार्बन वाढविणे. रिव्हेटच्या बांधकामात तो चालून जाई. वेल्डिंगचा प्रसार झाल्यावर मात्र अडचण निर्माण झाली. कार्बन अधिक असल्यास जोडालगतचा भाग कडक होऊन त्याला तडे जातात. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याला उभे असलेले 'शेनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात दुभंगले. अनेक 'लिबर्टी' जहाजांनाही तडे गेले. दोष केवळ वेल्डिंगचा नसून ते पोलादच थंडीत ठिसूळ होते, हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले. कार्बन न वाढविता बळकटी आणि चिवटपणा दोन्ही कसे साधावेत, हा प्रश्न यातून ऐरणीवर आला.

सिद्धांताची पायाभरणी

धातू वाकतो तो त्याच्या स्फटिकांतील 'डिसलोकेशन' नामक दोषरेषा सरकल्यामुळे, ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे मांडली. दोषरेषेला अडविणारे सूक्ष्म कण धातूला बळकटी कशी देतात, याचे विवेचन ओरोवान यांनी १९४८ मध्ये केले. पुढे हॉल (१९५१) व पेच (१९५३) यांनी स्फटिककणांचा व्यास आणि बळकटी यांचे नाते प्रस्थापित केले. कणांचा व्यास एक चतुर्थांश केला, तर त्यांच्यामुळे मिळणारी बळकटी दुप्पट होते. विशेष म्हणजे कण बारीक केल्याने चिवटपणाही वाढतो.

नायोबियमचा धडा

१९५८ मध्ये अमेरिकेतील ग्रेट लेक्स स्टील कंपनीने नायोबियमयुक्त पोलाद बाजारात आणले. नायोबियमचे प्रमाण शेकडा काही शतांशच असते. लाटण्यापूर्वी पोलाद सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता नायोबियम त्यात विरघळते. थंड होताना ते कार्बाइडच्या, काही नॅनोमीटर आकाराच्या कणांच्या रूपाने बाहेर पडते. हे कण दोषरेषांना अडवितात.

परंतु आरंभीच्या या पोलादांत बळकटी वाढली, तरी चिवटपणा अपुरा राहिला. उच्च तापमानाला लाटण संपविल्यास स्फटिककण जाडच राहत, आणि कार्बाइडने दिलेली बळकटी ठिसूळपणा वाढवी. १९६० च्या दशकात 'नियंत्रित लाटण' पद्धतीने हा दोष दूर केला. कमी तापमानाला लाटताना अवक्षेपित होणारे कार्बाइड नव्या स्फटिककणांची निर्मिती रोखून धरतात. त्यामुळे दबलेल्या कणांतून अत्यंत बारीक फेराइट तयार होते. १९७५ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंत सूक्ष्ममिश्र पोलादांची ही शाखा प्रस्थापित झाली होती.

निष्कर्ष

एकच कार्बाइड, लाटणीच्या तापमानानुसार, पोलादाला ठिसूळ किंवा चिवट बनविते. म्हणून या पोलादाचे श्रेय एकट्या नायोबियमला देणे अपुरे ठरते. अपघाताने उपस्थित केलेल्या प्रश्नाला सिद्धांताने दिशा दिली आणि लाटणशाळेने उत्तर दिले, असेच या इतिहासावरून म्हणावे लागते.