छत्री उघडल्यानंतर

परग्रहावरच्या लढाईचे चित्रपट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिले आहेत. त्यांत एक दृश्य हमखास असते. आभाळात एक अजस्र यान थांबलेले असते. त्याचे दार उघडते आणि शेकडो सैनिक खाली झेपावतात. पाय जमिनीला लागताच ते धावत सुटतात, गोळ्या झाडतात आणि दहा मिनिटांत शत्रूचे ठाणे पडते. मुले टाळ्या वाजवतात. मला मात्र दुसऱ्या दिवशीच्या सकाळचे कुतूहल वाटते. रात्रभरात काडतुसे संपली असतील, ती पुन्हा कुठून आली? जखमींना कुठे नेले? शत्रूचे रणगाडे चालून आले तेव्हा पाठीवरच्या ओझ्यानिशी उतरलेल्या या पोरांनी काय केले?

चित्रपट तोवर संपलेला असतो. इतिहास मात्र तिथेच सुरू होतो. आभाळातून उतरून लढणे ही कल्पना पृथ्वीवर प्रत्यक्षात आणून पाहिली गेली आहे आणि तिची किंमत हाडामांसाच्या माणसांनी मोजली आहे. म्हणून विज्ञानकथेतल्या सैनिकांची गोष्ट आज मी जमिनीवरून सांगणार आहे.

हे स्वप्न विमानाहून जुने. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या बलूनमधून माणसे पहिल्यांदा आकाशात गेली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन त्या वेळी पॅरिसजवळ राहत होते. १७८४ च्या जानेवारीत एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी एक हिशेब मांडला. पाच मोठ्या युद्धनौकांच्या खर्चात पाच हजार बलून होतील. प्रत्येकात दोन माणसे, म्हणजे दहा हजार. ती ढगांतून खाली आली तर कोणता राजा आपल्या देशात जागोजागी पहारा ठेवू शकेल? सैन्य गोळा करून त्यांना हुसकावेपर्यंत ती केवढा तरी उत्पात घडवतील.

या हिशेबातला शेवटचा भाग नीट ऐकण्यासारखा आहे. सैन्य गोळा होईपर्यंत! म्हणजे या कल्पनेच्या पोटातच एक घड्याळ आहे. उतरणाऱ्याला अचानकपणाचा फायदा मिळतो, पण तो फक्त काही तासांचा. समोरच्याचे भान परत आले की त्याच्याकडे त्याचे रस्ते असतात, त्याची कोठारे असतात, त्याच्या तोफा असतात. उतरणाऱ्याकडे मात्र बरोबर आणले असेल तेवढेच असते.

मराठीत आपण या सैनिकांना छत्रीधारी म्हणतो. माझ्यासारख्या कवितेत रमणाऱ्या माणसाला हा शब्द फार आवडतो. छत्री हलकी असते, आणि खरी अडचण तिथेच आहे. छत्रीला जेवढे वजन पेलते तेवढेच खाली येते.

२० मे १९४१. जर्मनीचे छत्रीधारी सैनिक भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर उतरू लागले. जर्मन छत्रीची बांधणी अशी होती, की ती सैनिकाच्या पाठीमागे दोन खांद्यांच्या मधोमध एकाच पट्ट्याला अडकवलेली असे. त्यामुळे तो पुढे झुकून लोंबकळत खाली येई. दोऱ्या ओढून दिशा बदलणे त्याला शक्य नसे आणि जमिनीवर तो हातापायांवर आदळे. अशा उडीत अंगावर लांब बंदूक ठेवणे धोक्याचे. म्हणून बहुतेकांजवळ पिस्तूल आणि हातबॉम्ब एवढेच असे. रायफली, मशीनगनी आणि काडतुसे वेगळ्या पेट्यांतून, वेगळ्या छत्रीने टाकली जात. उतरलेल्या माणसाचे पहिले काम म्हणजे आपलीच पेटी शोधणे! ऑलिव्हच्या बागांत लपलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांना हे लवकरच कळले. ते पेट्यांवर नेम धरून बसले. गावकरी कोयते, काठ्या, जुन्या बंदुका घेऊन धावले.

तरीही क्रीट पडले. का? मालेमे येथील विमानतळावर नजर ठेवणाऱ्या टेकडीवरून न्यूझीलंडच्या तुकडीने पहिल्याच रात्री माघार घेतली. पुढच्या फळीशी संपर्क तुटल्यामुळे ती फळी संपली, असा तिच्या अधिकाऱ्याचा समज झाला होता. दुसऱ्या दिवशी जर्मन विमाने भर माऱ्यात त्या धावपट्टीवर उतरू लागली आणि त्यांतून पहाडी सैन्याच्या तुकड्या बाहेर पडल्या. छत्रीधाऱ्यांना तारले ते या धावपट्टीने. ती मिळाली नसती तर त्यांचा निभाव लागणे कठीण होते. जिंकूनही जर्मनीचे सुमारे चार हजार सैनिक ठार वा बेपत्ता झाले. छत्रीधाऱ्यांचे दिवस सरले, असे हिटलरने ठरवून टाकले. गावकऱ्यांच्या प्रतिकाराचा सूड जर्मनांनी नंतर क्रीटच्या गावांवर उगवला. कांदानोस हे गाव त्यांनी जमीनदोस्त केले.

गंमत अशी, की ब्रिटन आणि अमेरिकेने याच लढाईतून उलटा धडा घेतला. बेट आकाशातून जिंकता येते, एवढेच त्यांना दिसले. त्यांनी आपली हवाई दले वाढवली आणि बऱ्याच सुधारणाही केल्या. सैनिकाच्या पायाला शस्त्रांची पिशवी बांधली. ग्लायडरमधून जीपगाड्या आणि छोट्या रणगाडाविरोधी तोफा नेल्या. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत तर ब्रिटिशांनी ग्लायडरमधून चक्क रणगाडे उतरवले. पण ते रणगाडे जेमतेम साडेसात टनांचे होते आणि समोरचा जर्मन पँथर सुमारे पंचेचाळीस टनांचा. त्यांतल्या काही छोट्या रणगाड्यांची चाके शेतात पडलेल्या छत्र्यांच्या दोऱ्यांत अडकली आणि ते जागच्या जागी थांबले. ज्या छत्र्यांनी माणसे आणली, त्यांनीच रणगाडे बांधून ठेवले.

त्याच वर्षी सप्टेंबरात आर्नेम घडले. योजना कागदावर सुंदर होती. हॉलंडमधले पूल हवाई सैन्याने धरून ठेवायचे आणि बेल्जियमच्या सीमेवरून निघालेल्या रणगाड्यांनी एकाच रस्त्याने धावत येऊन ते एकामागून एक ताब्यात घ्यायचे. शेवटचा पूल आर्नेमचा, सुमारे शंभर किलोमीटरवर. तो ब्रिटनच्या पहिल्या हवाई डिव्हिजनने दोन दिवस राखायचा होता. पोलिश ब्रिगेडचे सेनानी स्टानिस्वाव सोसाबोव्स्की यांनी या बेताबद्दल आधीच शंका व्यक्त केल्या होत्या.

१७ सप्टेंबरला सैन्य उतरले ते पुलापासून दहा-बारा किलोमीटर दूर. सगळ्यांना एकदम नेण्याइतकी विमाने नव्हती, म्हणून उरलेले पुढच्या दिवसांत यायचे होते. इंग्लंडमध्ये धुके पडले आणि ते रखडले. बिनतारी यंत्रे नीट चालेनात. कर्नल जॉन फ्रॉस्ट यांची दुसरी पॅराशूट बटालियन आणि काही इतर मिळून सातशेच्या आसपास माणसे तेवढी पुलाच्या उत्तर टोकाला पोहोचली. त्याच परिसरात जर्मनीच्या दोन रणगाडा डिव्हिजन विश्रांतीला होत्या. त्या झिजलेल्या होत्या खऱ्या, पण पिस्तुलाच्या मानाने झिजलेला रणगाडाही पुष्कळच.

त्या सातशे जणांनी पूल तीन दिवसांहून अधिक काळ राखला. भोवतालची घरे एकेक करून जळत गेली. तळघरे जखमींनी भरली. रणगाडा फोडणारा दारूगोळा संपला. विमानांनी टाकलेल्या रसदेचा मोठा भाग जर्मनांच्या हाती पडला, कारण ठरलेली जागा तोवर त्यांच्याच ताब्यात गेली होती. २१ तारखेला पुलावरचा प्रतिकार संपला. जमिनीवरून येणारी कुमक वेळेत आलीच नाही. डिव्हिजनची सुमारे दहा हजार माणसे नदीपलीकडे उतरली होती. २५ सप्टेंबरच्या रात्री नदी ओलांडून परतलेल्यांची संख्या होती सुमारे चोवीसशे. आणि सोसाबोव्स्की? त्या वर्षअखेरीस त्यांनाच सेनापतिपदावरून दूर करण्यात आले. ज्याने घड्याळाकडे बोट दाखवले, त्याच्यावरच खापर फुटले.

आता याची दुसरी बाजू पाहू. ती आपल्या इतिहासात आहे आणि तिचा मराठी मुलखाशी थेट संबंध आहे. भारताच्या पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, पण नावापुढे कंसात ‘मराठा’ हा शब्द राहिला. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी ही पलटण कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, टांगाईलजवळ उतरली. काम होते लोहजंग नदीवरचा पुंगली पूल धरण्याचे. उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट त्यामुळे बंद होणार होती.

संख्या पाहिली तर इथेही माणसे फार नव्हती. आर्नेमच्या पुलावर होती त्याच सुमाराची. त्यांच्याही हाती पूल होता आणि समोरून शत्रू येत होता. त्या रात्री पुलावर हल्ले झाले, ते परतवले गेले. मग फरक काय पडला? आकाशावर भारतीय विमानांची सत्ता होती. समोरचे सैन्य माघारी निघालेले आणि विस्कळीत होते. त्या भागात कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिवाहिनीचा जोर होता आणि विखुरलेले सामान गोळा करायला गावकरी मदतीला आले. क्रीटच्या गावकऱ्यांनी कोयते उचलले होते, इथल्यांनी पेट्या उचलल्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे जमालपूरच्या बाजूने आपली पलटण रस्त्याने पुढे सरकत होती. १२ डिसेंबरला ती पुंगलीला पोहोचली. ती पलटण होती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली. आभाळातून उतरलेल्या मराठा पलटणीला रस्त्याने आलेली मराठा पलटण भेटली! १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत हेच छत्रीधारी होते.

आर्नेमच्या सैनिकांचे धैर्य टांगाईलच्या सैनिकांहून कमी होते, असे कोण म्हणेल? जगण्या-मरण्यातले अंतर ठरवले ते जमिनीवरून येणाऱ्या माणसांनी. ही जुनी गोष्ट अजूनही खरी आहे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैनिक हेलिकॉप्टरमधून कीवजवळच्या होस्तोमेल विमानतळावर उतरले. धावपट्टी घ्यायची आणि मोठ्या विमानांतून कुमक आणायची, हा बेत मालेमेचाच. युक्रेनच्या सैन्याने प्रतिहल्ला चढवला, धावपट्टीवर मारा केला आणि ती मोठी विमाने आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी रस्त्याने आलेल्या रशियन फौजेने विमानतळ घेतला, पण कीव झटक्यात घेण्याची वेळ निघून गेली होती.

चांगल्या विज्ञानकथाकारांना हे नेमके ठाऊक होते. एच. जी. वेल्स यांच्या १९०८ सालच्या ‘द वॉर इन द एअर’ या कादंबरीत जर्मन हवाई जहाजांचा ताफा न्यूयॉर्कवर येतो. शहर शरण येते, पण त्यावर ताबा ठेवायला माणसेच नसतात. लोक उठतात आणि ताफ्यापुढे शहर जाळण्यावाचून काही उरत नाही. आकाशातून नाश करता येतो, राज्य करता येत नाही, हे वेल्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या आधी लिहिले.

अमेरिकेच्या नौदलात काम केलेल्या रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९५९ साली ‘स्टारशिप ट्रूपर्स’ लिहिली. त्यांचे सैनिक यानातून कुप्यांत बसून ग्रहावर पडतात. पण वजनाची अडचण ओळखून लेखकाने प्रत्येकाला यंत्रशक्तीवर चालणारे चिलखत दिले. त्या एका माणसाच्या अंगावर रणगाड्याची ताकद येते. शिवाय परतीची नौका ठरल्या वेळी येणार आणि त्याआधी काम उरकायचे, हे बंधन आहेच. एवढे असूनही कादंबरीतली मोठी चढाई फसते. १९९७ साली पॉल व्हरहोव्हन यांनी त्यावर चित्रपट काढला, तेव्हा ती चिलखते गेली आणि हाती बंदुका राहिल्या. पडद्यावर पहिल्याच चढाईत त्यांची जी कत्तल होते, ती पाहताना मला क्रीट आठवते.

अंतराळात तर ही अडचण कैक पटींनी वाढेल. विमानातून टाकलेली पेटी काही शे किलोमीटरवरून आलेली असते. अंतराळातून टाकायची प्रत्येक गोळी आधी कुठल्यातरी ग्रहावरून वर न्यावी लागते, आणि अग्निबाणाच्या वजनाचा बहुतांश भाग नुसत्या इंधनाचा असतो. वातावरणात शिरणारे यान तापून झगझगते, म्हणजे लपून येणे आलेच नाही. आणि माणूस? अवकाशस्थानकात महिनोन्‌महिने राहिलेले अंतराळवीर सोयूझ यानातून कझाकस्तानच्या माळावर उतरतात, तेव्हा त्यांना हात देऊन बाहेर काढावे लागते. वजनाची सवय मोडलेली असते. त्या क्षणी समोर मदतीचे पथक असते म्हणून ठीक, शत्रू असता तर?

नकाशावर बोट ठेवून अमुक पूल दोन दिवस धरा, असे सांगणे सोपे असते. ते दोन दिवस जगायचे असतात ते खाली उतरलेल्याला. म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर यानाचे दार उघडेल, सैनिक झेपावतील आणि मुले टाळ्या वाजवतील, तेव्हा त्यांना एवढेच विचारा: यांच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता कुठे आहे, आणि त्या रस्त्यावर कोणी निघाले आहे का?