भाऊबंदकी (खान्देश)

भाऊबंदकी (खान्देश) : एका कुळातील घरांचे परस्परांवरील हक्क आणि त्यापोटी प्रत्येक घरावर येणारा भार. जळगाव-धुळे परिसरात ती जन्माने मिळते. टिकवायला मात्र वेळ, पैसा आणि श्रम खर्ची पडतात.

हा भार सर्वांत स्पष्ट दिसतो तो कानबाई देवीच्या सणात, तिच्या प्रसादाच्या रोटांत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी नारळाला नथ, वस्त्र, दागिने घालून कानबाई चौरंगावर बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. रोटांसाठी गहू मोजतात तो घरातल्या पुरुषांच्या संख्येवर, माणशी सव्वा मूठ. दळणाआधी चक्की धुऊन-पुसून घेतली जाते. हे रोट भाऊबंदांतच खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, असा दंडक आहे. म्हणून सुरतेच्या उधना-लिंबायत भागात कापडधंद्यात पोट भरणारा भाऊ भुसावळकडची गाडी धरून गावी येतो. रोजंदारीवर असला, तर त्याचा रोज बुडतो, शिवाय साऱ्या बिऱ्हाडाचे गाडीभाडे अंगावर पडते. तरीही तो येतो, कारण सव्वा मूठ गहू त्याच्याही नावाने घेतलेला असतो.

पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी हा सारा स्वयंपाक सासू-सुना सोवळ्यात रांधतात. मुठी मोजताना मात्र त्यांची गणती नसते, घरच्या लेकींचीही नसते. देवीच्या सणात बाईच मोजणीबाहेर राहावी, हे खुपते. ही मोजणी बदलायला हवी.

लग्नात टॉवेल-टोपीचा मान आणि साडीचोळीचा आहेर वहीत टिपला जातो. परतफेड करताना त्याहून थोडे वाढवूनच द्यायचे असते. हंगाम बुडालेल्या कापूस उत्पादकालाही या वहीतून सूट नसते. मयतीला खांदा, दारावर सांत्वनाला बसायला जाणे, उत्तरकार्य आणि गंधमुक्ती हे विधी यांतली गैरहजेरी वर्षानुवर्षे लक्षात राहते. पण दुःखाच्या घरी न बोलावता धावून येणारे, चूल पेटली नसेल तिथे डबा पोचवणारेही हेच भाऊबंद असतात. ही सोबत विकत मिळत नाही, म्हणून माणसे भार सोसतात.

भाऊबंदकीला जातीची चौकट असते. लेवा पाटीदार समाजाची भोरगाव लेवा पंचायत यावल तालुक्यातील पाडळसे येथे आहे. तिच्या प्रमुखाला कुटुंबनायक म्हणतात. घरगुती तंटे तिथे सामोपचाराने मिटवले जातात. महाराष्ट्रातील काही जातपंचायतींनी मात्र दंड आणि वाळीत टाकणे ही हत्यारे वापरली. बहिष्काराविरुद्धचा मुंबई राज्याचा 1949चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द ठरवला होता. पुढे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली. विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला व तो जुलै 2017 मध्ये लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

तरीही बहिष्काराची तक्रार करायला माणूस सहसा धजावत नाही, कारण उद्या घरात मयत झाली तर खांदा द्यायला त्याच लोकांनी यावे लागते. कायद्याने मात्र पीडिताबरोबर त्याच्या कुटुंबीयांनाही तक्रार करण्याची मुभा दिली आहे.